बावखल, अंगण, उंबरा

भयपटांची क्रमवारी लावणारे जाणकार दिग्दर्शन बघतात, छायाचित्रण बघतात, पार्श्वसंगीताला गुण देतात. आमच्या वाडीत यातलं काहीच कुणी बघत नसे. सिनेमा किती भीतीचा हे तो संपल्यावर ठरायचं. रात्री दोनला टीव्ही बंद झाला की सगळ्यांना एकदम मागच्या दारी जायची आठवण व्हायची. एखादा गडी एकटा पार बावखलापर्यंत जाऊन शीळ घालत परत आला आणि ‘‘काय नाय रे त्यात,’’ म्हणाला, की तो सिनेमा बावखलाचा, म्हणजे फुसका. अंगणाच्या कडेला जास्वंदीच्या आडोशाला घाईघाईनं उरकून पळत आला, तर सिनेमा अंगणाचा, म्हणजे बरा. आणि ज्याच्यानंतर मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा उंबऱ्यावर उभी राहून ‘‘आई, तू पण चल ना,’’ म्हणायची, तो उंबऱ्याचा. उंबऱ्याचा शिक्का बसलेला सिनेमा वर्षभर गाजायचा.

बावखल वसईबाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल. बागायतीला पाणी द्यायला खणलेलं ते मोठं डबकंच, विहिरीहून ऐसपैस आणि तळ्याहून लहान. काठाला माड, केळी, अळू, आणि पूर्वी रहाट. निर्मळ, गास, वाघोली, भुईगाव या पट्ट्यात घराच्या मागे बावखल असायचंच. दिवसा त्यात आम्ही डुंबायचो. रात्री तिथं गिऱ्हा असायचा. आजीनं त्याचा पत्ताच दिला होता : पलीकडच्या काठाला, वाकड्या माडाच्या बुंध्याशी. मुंजा पिंपळावर, हडळ चिंचेवर, आणि शेताच्या बांधावर चकवा, जो रात्रभर माणसाला एकाच जागी फिरवतो. प्रत्येकाची जागा ठरलेली, कुणी कुणाच्या हद्दीत जात नसे. वसईच्या सिनेमावेड्यांची भीती अशी घरचीच होती. पडद्यावरच्या परक्या भुताला आधी या स्थानिकांशी सामना करावा लागे, आणि बहुतेक भुतं तिथंच हरायची.

त्यातून काळोख. रस्त्याच्या वळणावर विजेचा एक खांब, पुढे घराघरांत पिवळे बल्ब, आणि मध्ये सगळं केळीचं रान. केळीचं सुकलेलं पान वाऱ्यावर घासलं की कुणीतरी पाय ओढत चालल्याचा आवाज येतो. तो आवाज कुठल्याही ध्वनिमुद्रकाला जमलेला मी आजवर ऐकलेला नाही.

दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं, तरी वाडीत रंगीत टीव्ही घेणं कुणाला परवडत नव्हतं. तो भाड्यानं यायचा. साखरपुडा, बारसं, गणपतीचं जागरण, दिवाळीची सुट्टी, कुठलंही निमित्त चालायचं. घरटी वर्गणी निघायची, मोठे काका सोपाऱ्याला जायचे, आणि संध्याकाळी टांग्यातून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी यायच्या. टीव्हीला गोधडी गुंडाळलेली आणि तो काकांच्या मांडीवर. नव्या नवरीलाही इतकं जपून आणलेलं मी पाहिलं नाही. क्रम ठरलेला असायचा. आधी ‘जय संतोषी माँ’, म्हाताऱ्यांसाठी. मग अमिताभचा, सगळ्यांसाठी. भुताचा शेवटी, कारण तोवर म्हाताऱ्या झोपलेल्या असत आणि ‘‘पोरांना काय दाखवता रे मेल्यांनो’’ म्हणायला कुणी जागं नसे. आजी मात्र झोपेचं सोंग घेऊन सगळं बघायची आणि सकाळी भुताच्या चुका काढायची. भुताचे पाय उलटे हवेत. यांचे सरळ कसे?

कॅसेट म्हणजे नकलेची नक्कल. चित्रावर पांढऱ्या रेघा नाचायच्या, काका ट्रॅकिंगची कळ फिरवत बसायचे. मधूनच चित्र जायचं, मग व्हीसीआरचं झाकण उघडून स्पिरिटच्या फडक्यानं हेड पुसायचं. या सगळ्यात एक गंमत होती, ती आजच्या मुलांना सांगून पटत नाही. भुताचे प्रसंग लोकांनी मागे नेऊन नेऊन पुन्हा पुन्हा पाहिलेले असत. त्यामुळे फीत नेमकी तिथंच झिजलेली असायची. चित्र थरथरायला लागलं, आवाज घोगरा झाला, की आम्ही ओळखायचो, आलं आता. नायिका बिचारी निवांत मेणबत्ती घेऊन जिना उतरत असायची, आणि इकडे सगळ्या वाडीनं डोळ्यांवर हात घेतलेले. दिग्दर्शकाला जे लपवायचं होतं ते आधीच्या भाडेकरूंनी फोडून ठेवलेलं. तरी भीती कमी झाली नाही. उलट, वाट बघण्यातच ती वाढत गेली.

भुताचा म्हणजे बहुतेक वेळा रामसेंचा. लॅमिंग्टन रोडवर विजेच्या उपकरणांचं दुकान असलेले एफ. यू. रामसे आणि त्यांचे सात मुलगे. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला. त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात असा प्रसंग होता. सिनेमा पडला, पण लोक तेवढा प्रसंग बघायला जात होते. मुलांनी ते हेरलं आणि मुखवट्याचाच सिनेमा काढायचं ठरवलं. ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ मध्ये आला. महाबळेश्वरला मुक्काम टाकून, घरचीच माणसं कामाला लावून केलेला. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक ध्वनीला, एक संकलनाला, आणि तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. पुढची वीस वर्षं हा घरगुती कारखाना चालला. शहाण्यासुरत्या समीक्षकांनी त्यांना कधी दारात उभं केलं नाही. वाडीवाडीतल्या व्हीसीआरनं मात्र त्यांना ओसरीवर बसवलं.

‘पुराना मंदिर’ (१९८४) आमच्याकडे आला तेव्हा पोरांत दोन तट पडले. मोठी पोरं त्याला अंगणाचा म्हणत होती, आम्ही लहान उंबऱ्याचा. धडावेगळं केलेलं मुंडकं पेटीत बंद, धड दुसरीकडे, आणि दोन्ही एकत्र आली की सामरी उठणार. कल्पना अस्सल आहे. सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल शिक्षणानं इंजिनियर. त्यांना फार रंगरंगोटी करावी लागलीच नसेल. उंची, जबडा आणि ती नजर पुरे. पण मध्ये जगदीप ‘शोले’ची नक्कल करत इतका वेळ खातो की बसल्या बसल्या भीती ओसरते. आज मी त्याला अंगणाचाच दर्जा देईन. ‘वीराना’चाही तोच दर्जा. ‘तहखाना’ थोडा खालचा. १९९३ मध्ये ‘झी हॉरर शो’मुळे रामसे दर आठवड्याला घरात यायला लागले, आणि दर आठवड्याला येणाऱ्या पाहुण्याची काय किंमत राहते ते सांगायला नको.

मराठी भुतं स्वभावानं गरीब. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) हा बावखलाचा सिनेमा, आणि हे मी कौतुकानं म्हणते. द. मा. मिरासदारांचं लेखन, अशोक सराफांचा खंडोजी फर्जंद आणि दिलीप प्रभावळकरांचे मास्तर. असं भूत भेटलं तर बावखलाच्या काठावर त्याच्याशी गप्पा माराव्यात. ज्यांना भुताच्या सिनेमाचं नावसुद्धा नको असतं, त्यांनी इथून सुरुवात करावी. ‘झपाटलेला’ (१९९३) विनोदी म्हणून गाजला. त्याची दुसरी बाजू आयांना विचारा. तात्या विंचूचा आवाज आणि चेहरा प्रभावळकरांचा, बाहुला रामदास पाध्यांचा आणि पळापळ लक्ष्याची. वर हसू आणि खाली भीती, अशी ती मिसळ महेश कोठाऱ्यांनी नेमकी साधली. पण सहा-सात वर्षांच्या पोरांना हसू कळतच नाही. आमच्या घरातल्या चिमुरड्यांनी तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी घरातले सगळे बाहुले माळ्यावर गेले. त्या वयाला तो उंबऱ्याचाच. बाहुल्याची ही कल्पना अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून सुचलेली, पण त्यातला चकी वाडीतल्या पोरांना काय भिववणार होता? तात्या मराठीत शिव्या देतो.

‘हा खेळ सावल्यांचा’ १९७६ चा. वसंत जोगळेकरांनी केलेला, काशिनाथ घाणेकर आणि आशा काळे यांचा. सिनेमा म्हणून तो आता जुना वाटतो, थोडा लांबलाही आहे. मात्र त्यातलं रात्रीचं ते गाणं कुठूनतरी लांबून ऐकू यायला लागलं, की बायका आजही हातातलं काम ठेवतात. आणि २०१६ मध्ये झी मराठीनं त्याच गाण्याच्या बोलांवरून मालिकेचं नाव ठेवलं, आकेरीच्या नाईकांचा वाडा घराघरांत नेला आणि पुढे अण्णा आणि शेवंतानं सगळ्या महाराष्ट्राची जेवणं लांबवली. शेवंतेला कुणी घाबरलं असेल असं मला वाटत नाही, पण तो वेगळा विषय.

आमची मोजपट्टी सगळ्यांना एकच नव्हती, हे मला कळलं ‘द एक्झॉर्सिस्ट’मुळे. विल्यम फ्रीडकिनचा तो १९७३ चा सिनेमा आमच्याकडे कॅसेटीवर फार उशिरा आला. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. आम्ही त्याला अंगणाचा ठरवून मोकळे झालो. मान गरकन फिरते तेवढी भीती वाटली, बाकी पादरी आणि पवित्र पाणी म्हणजे आम्हाला सिनेमातली सजावट. शेजारच्या ख्रिस्ती वाडीतली माझी मैत्रीण मात्र मध्येच उठून घरी गेली, आणि जाताना तिला सोडायला दोघांना जावं लागलं. तिच्या लेखी त्या प्रार्थना दर रविवारच्या होत्या, तो झगा त्यांच्या फादरचा होता आणि सैतान हे कुणाचं टोपणनाव नव्हतं. उलट, रामसेंचा तांत्रिक हळदकुंकू उधळायला लागला की आमचा श्वास अडकायचा आणि ती फिदीफिदी हसायची. दफनभूमीची तिला भीती ठाऊकच नव्हती. दोन नोव्हेंबरला, म्हणजे पुष्कळदा आमच्या दिवाळीच्या आगेमागेच, तिच्या गावातली सगळी माणसं थडगी झाडून, फुलं घालून, मेणबत्त्या लावून आपल्या गेलेल्या माणसांजवळ उभी राहायची. आम्ही पणत्या लावत असताना लांबून तो उजेड दिसायचा आणि आमची पोरं कुजबुजायची. ती म्हणायची, ‘‘तिथं माझी आजीच आहे, घाबरायचं कुणाला?’’ तेव्हापासून भयपटांच्या जागतिक याद्यांवर माझा विश्वास नाही. भिवंडीत ज्याला भितात ते बेळगावात हास्यास्पद असू शकतं.

‘द ईव्हिल डेड’ला मात्र एकमतानं उंबरा मिळाला. सॅम रेमीचा तो सिनेमा १९८१ चा, कमी पैशात केलेला, जंगलातल्या एका खोपटात पाच तरुण. त्यात कॅमेरा जमिनीलगत झाडांतून भरधाव येतो, कुणाच्या नजरेनं ते कळत नाही, आणि नंतर झाडंच माणसाला धरतात. तिन्ही बाजूंनी केळी असलेल्या ओसरीवर हा सिनेमा दाखवणं म्हणजे अघोरीपणा होता. त्या रात्री ऐन मध्यावर लाइट गेली. कुणी ओरडलं नाही, कुणी हललं नाही. अंधारात काकांचा आवाज आला, ‘‘कुणी तरी बोला रे.’’ ‘सायको’ (१९६०) त्या मानानं आमच्यावर वाया गेला. न्हाणीघरातला तो जगप्रसिद्ध खून ज्यांच्या न्हाणीला दाराऐवजी गोणपाट, त्यांना काय कळणार? तो मी कॉलेजात असताना मुंबईत पाहिला आणि परतीच्या विरार लोकलमध्ये बायकांच्या डब्यातल्या गर्दीला मनापासून धन्यवाद दिले.

रामगोपाल वर्मांचा ‘रात’ (१९९२) सरावलेल्या प्रेक्षकांसाठी सांगेन. रेवतीला थिएटरात सिनेमा बघताना अचानक लक्षात येतं की भोवतालच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या आहेत. रक्त नाही, मुखवटा नाही, फक्त माणसं नाहीत. रामसेंनी अख्ख्या आयुष्यात असा एक प्रसंग केला नाही. वर्मांचाच ‘भूत’ (२००३) आला तोवर आम्ही वाडी सोडून इमारतीत राहायला आलो होतो, आणि तो सिनेमा जणू आमचीच बदली झालेली पाहून काढलेला. उंच इमारत, लिफ्ट, वॉचमन, नवीन संसार आणि एकही गाणं नाही. ऊर्मिला मातोंडकरनं त्यात जे केलंय ते बघून मला पहिल्यांदा वाटलं, की ट्यूबलाइटच्या उजेडातही भूत राहू शकतं. हवेली लागतेच असं नाही. आता तर हवेल्या आमच्या शेजारी, नायगावला मालिकांच्या सेटवर प्लायवूडच्या बनतात. अशी एक हवेली मी मागून पाहिलीय, आणि एकदा मागून पाहिली की संपलंच.

निब्बर झालेल्यांनी ‘तुंबाड’ (२०१८) बघावा. राही अनिल बर्वेंनी कित्येक वर्षं खर्चून केलेला, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आणि बी नारायण धारपांच्या एका कथेतून आलेलं. पहिल्यांदा लागला तेव्हा थिएटरात मोजकी माणसं होती, २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा तिकिटं मिळेनात. सतत पडणारा पाऊस, शेवाळलेला वाडा आणि साखळदंडात झोपलेली ती म्हातारी. त्यातला हस्तर दिसतो तेव्हा मी घाबरले नाही. विनायक मोहरा मोजतो तेव्हा घाबरले. विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (२०१७) उसाच्या शेतात घडतो, आणि ज्यांनी उसात किंवा केळीत वाट चुकलेली आहे त्यांना पूजा सावंतची ती धावाधाव वेगळी समजावून सांगावी लागत नाही. भाचीला हे दोन्ही आवडतात. ती अकराव्या मजल्यावर राहते आणि तिची मोजपट्टी वेगळी आहे : सिनेमा संपल्यावर तळघरातल्या पार्किंगमध्ये एकटीनं जाऊन गाडीतून चार्जर आणता येतो की नाही. ‘तुंबाड’नंतर चार्जर गाडीतच राहिला. ‘मुंज्या’नंतर (२०२४) ती गुणगुणत गेली आणि आली.

पहिला नंबर मी ज्याला देते तो सिनेमा तिला ठाऊकच नव्हता. ‘गहराई’, १९८०. अरुणा राजे आणि विकास देसाई यांनी ‘अरुणा-विकास’ या जोडनावानं केलेला, पटकथेत विजय तेंडुलकर. वाडीत तो कधी आला नाही, भाड्याच्या कॅसेटींत त्याला गिऱ्हाईक नव्हतं. मी तो पाहिला १९९० नंतर, आणि ते वेळेवर झालं असं आता वाटतं.

बंगळुरात राहणारा एक सुखवस्तू बाप गावाकडची वाडवडिलांची बागायत कारखान्याला विकून टाकतो. जमीन राखणारा जुना गडी बसवा हादरतो. त्याच्या लेखी ती जमीन म्हणजे आई. बाप त्याला खुळ्यात काढतो. आणि मग शहरातल्या नीटनेटक्या बंगल्यात, शाळेत जाणारी त्याची मुलगी वेगळ्याच आवाजात बोलायला लागते. पद्मिनी कोल्हापुरे तेव्हा स्वतःच शाळकरी वयाची होती. ती चेहरा वेडावाकडा करत नाही. ती बापाकडे शांतपणे बघते आणि त्यानं पुरून टाकलेल्या गोष्टी एकेक करून जेवणाच्या टेबलावर काढते, गावातल्या एका विहिरीसकट. बाप झालेत डॉ. श्रीराम लागू. देवाला निवृत्त करा म्हणणारा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर उभा राहणारा माणूस इथं मांत्रिकांना घराबाहेर काढायला निघालेला बाप आहे, आणि त्याची प्रत्येक हरकत रास्त आहे. तरी त्याच्या पायाखालची जमीन सरकत जाते. भोंदू कोण, खरा कोण, हे सिनेमा शेवटपर्यंत आपल्या हातात देत नाही.

ज्या वर्षांत मी तो पाहिला, त्या वर्षांत आमच्याकडे जेवताना दुसरा विषय नव्हता. वसई-विरारचं नियोजन १९९० मध्ये सिडकोकडे गेलं होतं. त्याआधीच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभी केली होती. माणसं मोर्च्यांना जात होती, आणि मोर्च्याहून परत आल्यावर त्याच ओसरीवर जमिनीचे दलाल चहा पीत बसलेले असत. आमच्या घरात दोन्ही झालं. मोठे काका घोषणा देऊन यायचे, आणि कागदावर सहीही शेवटी त्यांनीच केली. आजीनं तेव्हा कुणालाही शाप दिला नाही, सिनेमातल्यासारखं काही बोलली नाही. फक्त बावखलात पहिला मातीचा ट्रक रिकामा झाला तेव्हा तिनं विचारलं, ‘‘त्या गिऱ्ह्याला कुठे जायला सांगितलंत?’’ सगळे हसले. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, आता त्या जागी सात मजले आहेत, आणि मागच्या दारी जायचा प्रश्नच उरला नाही.

गेल्या दिवाळीत भाचीला तो सिनेमा दाखवला. तिनं आधी सिनेमाच्या प्रतीला नावं ठेवली, मग मोबाइल बाजूला ठेवला, मग पाय खुर्चीवर घेऊन बसली. संपल्यावर ती भुताबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, ‘‘मावशी, आपली वाडी कितीला गेली होती गं?’’

मी आकडा सांगितला.

‘‘एवढ्यालाच?’’ म्हणाली, आणि उठून ‘तुंबाड’ लावला.